सेन्सॉर बोर्डाला खुलं पत्र : रक्त किती ते मोजू नका, मजा कोणाला येतेय ते बघा

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, मुंबई

नमस्कार.

मी ऐरोलीला राहते, ठाण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीला सिस्टर आहे, आणि सिनेमा बघायला मला लहानपणापासून मनापासून आवडतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणीतरी म्हणणारच की बाई नाजूक मनाच्या दिसतात, रक्त बघवत नसेल तर घरी बसा. तर तसं नाहीये. रक्त मी रोज बघते. लोकलमधून पडलेली माणसं, घोडबंदरला बाईक घसरून सोलवटून आलेली पोरं, वागळे इस्टेटमधल्या कुठल्यातरी मशीनमध्ये बोटं गेलेला कामगार, हे सगळं बघून मी डबा खाऊ शकते, ड्युटी संपवून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून घरी येते आणि रात्रीच्या भाजीला लागते. पण गेली काही वर्षं थिएटरमध्ये बसले की माझे तळहात ओले होतात, पोटात ढवळतं, आणि मी मान खाली घालून पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसते. असं का होतं याचा मी बराच विचार केलाय आणि तेच तुम्हाला सांगायचंय.

कॅज्युअल्टीत रक्ताच्या आजूबाजूला काय असतं ते आधी सांगते. रात्री दीड-दोनला रिक्षातून एक पोरगा आणतात, कुठेतरी भांडण झालेलं, डोक्यात बाटली फुटलेली. टाळूला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे जखम दोन इंचाची असली तरी अख्खा शर्ट भिजलेला असतो आणि आणणारे मित्र पांढरेफटक पडलेले असतात. आम्ही गॉज दाबून धरतो, वॉर्डबॉय मान धरतो, डॉक्टर येतात, आजूबाजूचे केस कापायचे, जखम धुवायची, टाके, टिटॅनसचं इंजेक्शन, शुद्ध गेली होती का, उलटी झाली का हे पुन्हा पुन्हा विचारायचं, मग एमएलसीचे, म्हणजे पोलिस केसचे कागद, पोलिस. आणि हा पोरगा, जो तासाभरापूर्वी कोणाला तरी बघून घेतो म्हणत असणार, तो माझी बाही घट्ट धरून पडलेला असतो. लागलेला माणूस स्वतःच्या रक्ताकडे बघत नाही हो, तो समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, आपण वाचणार का हे तिथे दिसतंय का ते शोधत असतो. त्या खोलीत जेवढी माणसं असतात तेवढी सगळी त्याच्या बाजूची असतात. त्याने काय केलं, चूक कोणाची, हे सगळं नंतर. म्हणून मला तिथे रक्ताचा त्रास होत नाही.

थिएटरमध्ये बरोबर याच्या उलट असतं. एक माणूस खुर्चीला बांधलेला. हिरो (हल्ली व्हिलनच असायला पाहिजे असं नाही, हिरोच असतो) बाह्या वर करतो, हातोडा उचलतो, मागे एखादं जुनं गोड गाणं लावलेलं असतं, आणि मग सावकाश, आधी एक बोट, मग दुसरं. ओरडणाऱ्या माणसाच्या तोंडावर कॅमेरा जेमतेम असतो, हिरोच्या तोंडावर मात्र पुरेपूर, त्याचं हसू, त्याचा चष्मा, त्याची सिगारेट. आणि बरोबर त्या क्षणाला म्युझिक चढतं आणि हॉलमध्ये शिट्ट्या पडतात. माझा घसा तिथे दाटतो. म्हणजे पडद्यावरच्या रक्ताने नाही, शिट्टीने. कारण त्या क्षणी त्या अंधारात बसलेली आम्ही तीनशे माणसं मारणाऱ्याच्या बाजूची झालेली असतो, आम्हाला तसं करायला पद्धतशीरपणे नेलेलं असतं, आणि बांधलेल्या माणसाच्या बाजूचं तिथे कोणीच नसतं.

तर हे आहे माझं म्हणणं. किती रक्त सांडलं, किती मुडदे पडले हे मोजून काही कळत नाही. क्रूरपणा दाखवताना कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे आणि त्यातून बघणाऱ्याला दुःख होतंय का मजा येतेय, हे बघायला पाहिजे.

आणि यात मी नवीन काही सांगत नाहीये, हे तुमच्याच कागदावर आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सरकारने डिसेंबर १९९१ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्या मी बसून वाचल्या. त्यात सरळ लिहिलंय की उगाचचे, टाळता येण्यासारखे हिंसेचे, क्रौर्याचे सीन नकोत, मुख्यतः करमणुकीसाठी टाकलेली हिंसा नको, आणि ज्याने माणसं बधिर होतील, माणुसकी हरवतील असं काही नको. लहान मुलांना हिंसा सोसताना, करताना किंवा जबरदस्तीने बघायला लावताना दाखवणं, प्राण्यांवरची क्रूरता गरज नसताना दाखवणं, हेही नको असं त्यात आहे. तीस वर्षांपूर्वी कोणीतरी इतकं नेमकं लिहून ठेवलंय. 'करमणुकीसाठी' हा मुद्दा तेव्हाच ओळखला होता. मग सुप्रीम कोर्टाने १९९६ साली बँडिट क्वीन या फूलनदेवीवरच्या सिनेमाच्या केसमध्ये काय म्हटलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, की तिथला अत्याचार बघून लोकांच्या मनात अत्याचार करणाऱ्यांची किळस आणि त्या बाईबद्दल कणव यावी म्हणून तो दाखवलाय, बघणाऱ्याला चाळवायला नाही, आणि म्हणून तो सीन चालेल. म्हणजे मोजमाप तुमच्याकडे आहेच. पण बातम्यांमध्ये जेव्हा येतं की अमुक सिनेमात बोर्डाने इतके सेकंद कमी करायला सांगितले, रक्त कमी करा, लाल रंग फिका करा, तेव्हा मला प्रश्न पडतो की फिकट रक्ताने काय साधलं? तो सीन तसाच मजेचा राहिला. उलट सिनेमा पाच सेकंदांनी छोटा झाला आणि दुखापत अजून हलकी वाटायला लागली.

रंग कमी केलात तरी आवाज तसाच राहतो, हे पण एक सांगायचंय. मी डोळे मिटून घेते, कान मिटता येत नाहीत. हाडं मोडल्याचा तो कडकड आवाज स्टुडिओत सेलरीचे दांडे मोडून नाहीतर कोबी, कलिंगड फोडून करतात हे मला माहीत आहे, त्या कलाकारांच्या हातात जादू असते आणि मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण माझ्या कानाला ते माहीत नसतं. छातीवर येऊन आदळणारा तो साऊंड, आणि त्यात गळा चिरल्यावरचा तो गुळगुळ आवाज. तो आवाज खऱ्यात कसा असतो हे मी ऐकलेलं आहे. जो माझ्या शेजारी पॉपकॉर्न खात बसलाय त्याने ऐकलेला नाही, देव करो आणि कधी ऐकायला न लागो. पण जे लोक ऐकून बसलेत तेही तिकीट काढून येतात ना. ज्यांच्या घरात असं काही घडलंय, ज्या बाईने नवऱ्याचा मार खाल्लाय, ज्यांचा मुलगा अॅक्सिडेंटमध्ये गेलाय, ती माणसं काय कपाळावर लिहून हिंडत नाहीत.

अजून एक गोष्ट, माझ्या कामामुळे मला फार लागते. सिनेमात मार दिसतो आणि माराचं पुढचं काही दिसत नाही. डोक्यात रॉड घातला की माणूस बेशुद्ध पडतो, पुढच्या सीनला डोकं चोळत उठतो. खरं म्हणजे डोक्याला मार लागून शुद्ध गेली तर ती इमर्जन्सी असते, सीटी स्कॅन काढावा लागतो, कधी कधी माणूस मधे एकदम नीट बोलतो, घरी जातो म्हणतो आणि आत हळूहळू रक्त साठत असतं. कानाखाली जोरात वाजवली तर पडदा फाटू शकतो. गळा दाबला आणि सोडला की संपलं असं नसतं, आत सूज येऊन तासांनी श्वास अडकू शकतो. नडगीचं हाड मोडलं की महिनेच्या महिने जातात, तोवर रिक्षावाल्याची रिक्षा कोण चालवणार, हप्ता कोण भरणार. हे सगळं दाखवा असं मी म्हणत नाही, तीन तासांच्या सिनेमात काय काय बसवणार. पण मार एवढा सोपा, एवढा पुसून टाकण्यासारखा वर्षानुवर्षं दिसत राहिला की बघणाऱ्या पोरांना खरंच वाटतं की माणूस उठतो. रात्री आणलेल्या पोराचे मित्र मला बाहेर गाठून सांगतात, सिस्टर, एकच तर मारला होता.

सिनेमे बघून खून पडतात असं मात्र मी म्हणणार नाही. कोयता हातात घेऊन रील टाकणारी पोरं पकडली की लगेच सगळं खापर सिनेमावर फुटतं, ते मला पटत नाही, त्या पोरांची शाळा कधी सुटली, घरात काय चालू आहे, हाताला काम आहे का, हे आधी बघायला पाहिजे. मी बोलतेय ते बघणाऱ्याला जे होतं त्याबद्दल. आणि ते फक्त मनाचे खेळ नाहीत. अमेरिकेत बॉस्टन मॅरेथॉनमध्ये २०१३ ला बॉम्बस्फोट झाले त्यानंतर तिथल्या संशोधकांनी लोकांना विचारून अभ्यास केला होता, २०१४ मध्ये छापून आला. त्यात दिसलं की स्फोटानंतरच्या आठवड्यात जे रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्याच बातम्या आणि दृश्यं बघत होते त्यांना जो ताण आला तो प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी किंवा जवळ असलेल्यांपेक्षाही जास्त होता. म्हणजे पडद्यावरून आलेलं शरीराला लागतं. आपल्याकडे २६/११ ला घरोघरी टीव्ही लावून बसलेले आपण सगळेच होतो, तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये कितीतरी जणांची झोप उडाली होती आणि त्यातले बरेचसे त्या दिवसांत ठाण्याच्या पुढे गेलेही नव्हते.

आता "मग बघू नका ना" याचं उत्तर. न बघायची माझी तयारी आहे, पण आधी कळणार कसं? बुकिंग अॅपवर लिहिलेलं असतं यूए १६+ (म्हणजे सोळाच्या आतल्यांनी आईवडिलांच्या सल्ल्याने बघायचा), अॅक्शन, ड्रामा, दोन तास पंचेचाळीस मिनिटं. यातून मला काय समजायचं? मारामारी आहे का छळ आहे का बाईवर जबरदस्ती आहे का लहान मुलाला मारतात का कुत्र्याला मारतात? माझ्या मैत्रिणीला मारामारी चालते, पण प्राण्याला काही झालं की ती उठून जाते. मला गोळीबार चालतो, बांधून केलेला छळ चालत नाही. एकाला एक लागतं, दुसऱ्याला दुसरं, आणि तुम्ही सगळ्यांना एकच आकडा देता. २०२१ च्या आयटी नियमांनी ओटीटीवाल्यांना हे बंधनकारक केलंय की वयाबरोबर आत काय आहे तेही सुरुवातीला सांगायचं, १३+ पासून वर पालकांना लॉक द्यायचं. म्हणजे घरी सोफ्यावर बसून, हातात रिमोट असताना, जिथे मी दोन सेकंदात बंद करू शकते, तिथे मला माहिती मिळते. आणि तीनशे-चारशे रुपये तिकीट काढून, रांगेच्या मधे बसून, जिथून उठायचं तर दहा जणांच्या गुडघ्यांवरून जावं लागतं, तिथे मिळत नाही. ब्रिटनमधलं बोर्ड वयाबरोबर एक ओळ देतं, हिंसा किती तीव्र, जखमा दाखवल्यात का, लैंगिक अत्याचाराचा विषय आहे का. एवढी एकच ओळ. गोष्ट फुटत नाही, धंदा बुडत नाही. सिगारेट ओढताना दाखवली तर २०१२ पासून कोपऱ्यात सूचना येते, वर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर जाहिरात येते. माणसाची बोटं तोडताना तशी पट्टी फिरवा असं नाही म्हणत मी, सीनच्या मधे काही नको, मला फक्त तिकीट काढण्याआधी सांगा.

आणि मुलं. २०२३ च्या दुरुस्तीने यूएचे तीन भाग केलेत, ७+, १३+, १६+, चांगलं केलंत, आधी सगळं बारा वर्षांच्या एकाच रेघेवर होतं. पण त्याच दुरुस्तीत हेही आहे की ही वयं आईवडिलांच्या माहितीसाठी आहेत, बाकी कोणी ती अंमलात आणायची नाहीत. म्हणजे दारावरचा मुलगा कोणाला थांबवू शकत नाही. ठीक आहे, आईबापांवर सोपवलंय, मान्य. पण मग आईबापांना माहिती तरी पुरी द्या. शनिवारी रात्रीच्या शोला माझ्या पुढच्या रांगेत एक कुटुंब होतं, पोरगी चार-पाच वर्षांची असेल, आणि आई प्रत्येक वेळी स्वतःच्या ओढणीने तिचे डोळे झाकत होती, ती ओढणी खाली खेचत होती, आई परत वर घेत होती. इंटरव्हलला ते उठून गेले आणि परत आले नाहीत. त्या बाईला मी दोष देणार नाही. तिने पोस्टर बघितलं असणार, आवडता हिरो, गाणी हिट, सगळं घर एकत्र बाहेर पडायचं म्हटलं की ठाण्यात दुसरं आहे काय. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्याहून वाईट म्हणजे ट्रेलर, कारण ट्रेलर कोणी निवडत नाही. भावाच्या मुलीला, सात वर्षांची आहे, मी नवी मुंबईत एका मल्टिप्लेक्सला कार्टूनच्या सिनेमाला घेऊन गेले. सिनेमा सुरू व्हायच्या आधी एक ट्रेलर, कोयता उचललेला, मानेवर येतो आणि स्क्रीन लाल. हॉलमध्ये निम्मी शाळकरी पोरं. मी तिच्या डोळ्यांवर हात ठेवेपर्यंत संपलं होतं. थोड्या वेळाने, तिकडे कार्टून छान चाललेलं, ती माझ्या कानात म्हणाली, "आत्या, तू असतीस तर त्याला टाके घातले असतेस ना?" मी हो म्हटलं. पूर्ण सिनेमाभर ती माझा हात सोडत नव्हती आणि पुढचे काही दिवस वहिनीला रात्री लाईट चालू ठेवायला लागला. ट्रेलरलासुद्धा तुमचं सर्टिफिकेट लागतं, ते सुरुवातीला दिसतंच. मग कुठल्या सिनेमाच्या आधी कुठला ट्रेलर लावायचा हे थिएटरवाल्यांच्या मर्जीवर का?

जुन्या काळी सगळं सोज्वळ होतं असं मला म्हणायचं नाही. आम्ही लहानपणी ठाण्यात मल्हारला, वंदनाला सिनेमे बघितले, ढिशुम ढिशुम करत घरी आलो, ते सगळं चालून गेलं, पण त्याच सिनेमांत बाईवरच्या बलात्काराचे सीन ज्या पद्धतीने दाखवायचे, कॅमेरा कुठे कुठे जायचा, ते आज आठवलं तरी लाज वाटते, आणि आमच्या आया शेजारी गप्प बसून असायच्या. तेही मजेसाठीच होतं. ते बऱ्यापैकी बंद झालं ना? म्हणजे बदल होतो, कोणीतरी बोललं की होतो.

आणि दाखवूच नका असंही नाही. काही सिनेमांमध्ये मी मार बघितलाय, मुडदे बघितलेत, आणि हललेसुद्धा नाही जागेवरून, रडत बघितलंय, कारण तिथे कॅमेरा मार खाणाऱ्याबरोबर होता, त्याच्या आईबरोबर होता. जातीवरून, पोरीने स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणून, लोक खरोखर मारले जातात आपल्याकडे, ते पडद्यावर आलंच पाहिजे, आणि गुळगुळीत करून नाही. तिथे कात्री लावू नका. गडकरी रंगायतनला रहस्यमय नाटक असलं की खून बहुतेक अंधारातच होतो, विंगेतून एक किंकाळी येते, आणि अख्खं थिएटर गार पडतं. दाखवायचं किती आणि कसं हे ज्याला कळतं त्याला बादलीभर रक्त लागत नाही, पण हे कलाकाराने ठरवायचं, तुम्ही नाही, आणि मी तर नाहीच.

टीव्ही तुमच्याकडे येत नाही हे माहीत आहे म्हणून फार लिहीत नाही, पण संध्याकाळी सात-साडेसातला सासूबाई मालिका लावतात, त्यात सुनेला जिन्यावरून ढकलतात, दुधात काहीतरी कालवतात, एकच थप्पड तीन बाजूंनी तीनदा दाखवतात, आणि ते घरातलं, ओळखीचं असतं म्हणून जास्त झोंबतं. न्यूज चॅनेलवाले सीसीटीव्हीतला खरा खून गोल करून पुन्हा पुन्हा फिरवतात. माहिती प्रसारण मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये त्यांना लेखी सूचना दिली होती की रक्तबंबाळ माणसं, मृतदेह, मारहाण असं जवळून आणि धूसर न करता दाखवू नका. तुमचं मंडळही त्याच मंत्रालयाखाली येतं, तर हे पत्र वाचून कोणाला तिकडे एक शब्द टाकता आला तर टाका.

तुमच्याकडून मला काय पाहिजे ते वर आलंच आहे. परीक्षण करताना फक्त सेकंद आणि रंग न बघता १९९१ च्या सूचनांमधलं ते करमणुकीचं वाक्य समोर ठेवा, आणि निर्मात्याला विचारा की इथे शिट्टी पडावी अशी तुमची इच्छा आहे का. नव्या नियमांनुसार बोर्डावर निदान एक तृतीयांश बायका असायला हव्यात, त्या असतील तर त्यांना मोकळेपणाने बोलू द्या, आणि सिनेमे बघणाऱ्या कमिट्यांवर कधीतरी एखादी नर्स, एखादा अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, बालवाडीची बाई बसवून बघा. सर्टिफिकेटवर, पोस्टरवर आणि तिकिटाच्या पानावर मराठी-हिंदीत एक साधी ओळ आली पाहिजे, आत काय आहे त्याची.

या सगळ्याला वेळ लागेल, नियम बदलावे लागतील, मला समजतं. ट्रेलरचं मात्र दिवाळीच्या सुट्टीच्या आत करता येईल. मुलांच्या सिनेमाआधी फक्त मुलांना चालतील असेच ट्रेलर, एवढं एक पत्र सगळ्या थिएटरवाल्यांना पाठवा. नियमात बसत नसेल तर विनंती म्हणून पाठवा, कारण सुट्टी लागली की पहिल्याच शनिवारी हे सगळे हॉल पोरांनी भरलेले असतात.

आपली,
कॅज्युअल्टीतली एक सिस्टर
ऐरोली, नवी मुंबई